गाण्याचं कूळ कसं शोधावं: ‘व्हाइट ख्रिसमस’चा माग

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. गाण्याचं मात्र दोन्ही विचारावं, आणि खोदून खोदून विचारावं. गेली कित्येक वर्षं मी जुन्या रेकॉर्डच्या नोंदी ठेवते आहे. लेबलावर काय छापलंय, कोणत्या दिवशी गायलं गेलं, वाद्यमेळ कोणाचा, हे सगळं चौकटीच्या वहीत उतरवते. डिसेंबर लागला की एक प्रश्न हमखास येतो: “ते ‘व्हाइट ख्रिसमस’ नेमकं कधीचं हो?” बर्फाने पांढऱ्या झालेल्या नाताळचं स्वप्न पाहणारं ते अमेरिकन गाणं. विचारणाऱ्याला एक साल हवं असतं. माझ्याकडे त्याची चार उत्तरं आहेत आणि चारही बरोबर आहेत.

ती चार का आणि ती शोधायची कशी, हे या एका गाण्याच्या आधाराने सांगते. पद्धत हाताला बसली की दुसरं कुठलंही गाणं घ्या, वहीचं पान असंच आखता येईल.

पान आखण्यापासून सुरुवात

कोऱ्या पानावर चार उभे रकाने पाडा: रचना, पहिलं गायन, ध्वनिमुद्रण, प्रकाशन. गाणं रचलं जातं तो दिवस वेगळा, लोकांसमोर पहिल्यांदा गायलं जातं तो वेगळा, तबकडीवर कोरलं जातं तो वेगळा आणि तबकडी विक्रीला येते तो वेगळा. बहुतेक चुका होतात त्या हे चार दिवस एकमेकांत मिसळल्याने. एखादा लेख १९४० म्हणतो, दुसरा १९४१, तिसरा १९४२. वाचणाऱ्याला वाटतं, यातले दोन खोटे. खोटं कोणीच नसतं. प्रत्येकजण आपापल्या रकान्यातलं सांगत असतो, रकान्याचं नाव तेवढं सांगत नाही.

‘व्हाइट ख्रिसमस’चं पान असं भरतं. रचनाकार अर्व्हिंग बर्लिन यांनी ८ जानेवारी १९४० रोजी न्यू यॉर्कच्या आपल्या कचेरीत हे गाणं स्वरलिपीत उतरवून घेतलं. पहिलं जाहीर गायन २५ डिसेंबर १९४१ रोजी झालं, एनबीसी रेडिओच्या ‘क्राफ्ट म्युझिक हॉल’ या कार्यक्रमात, आणि गाणारा होता बिंग क्रॉस्बी. ध्वनिमुद्रण २९ मे १९४२ रोजी लॉस एंजेलिसला डेक्का कंपनीसाठी झालं. प्रकाशन त्याच वर्षीच्या जुलैअखेरीस, सहा तबकड्यांच्या एका अल्बममधून.

आता या तारखांच्या आजूबाजूला काय चाललं होतं ते समासात लिहा. हे काम कंटाळवाणं वाटलं तरी टाळू नका, कारण तारखेला जीव येतो तो इथे. पर्ल हार्बरवर हल्ला झाला ७ डिसेंबर १९४१ला. म्हणजे गाणं पहिल्यांदा रेडिओवर आलं तेव्हा अमेरिका युद्धात उतरून जेमतेम अठरा दिवस झाले होते. घराची ओढ लागलेल्या माणसाचं गाणं अशा आठवड्यात ऐकलं गेलं. पुढे सैनिकांसाठीच्या रेडिओकडे त्याच्या फर्माइशींचा पूर का आला, हे समजायला एवढी एक समासातली ओळ पुरते.

शाई आणि पेन्सिल

माझा एक नियम आहे आणि तो मी कधी मोडत नाही. जे कागदावर, लेबलावर किंवा सरकारी नोंदीत सापडतं ते शाईने. जे लोक सांगतात ते पेन्सिलीने. जे मी स्वतः कानाने पडताळलं त्याच्यापुढे लहानसा ‘का’.

रचनेच्या रकान्यात पेन्सिलीचं काम फार येतं. बर्लिन यांना स्वरलिपी वाचता-लिहिता येत नव्हती. ते मुख्यतः पियानोच्या काळ्या पट्ट्यांवर, एफ शार्प हा सा धरून वाजवायचे. सूर बदलायचा तर त्यांच्या खास पियानोला एक दांडा होता. तो सरकवला की पट्ट्या त्याच आणि सूर वेगळा. असा त्यांचा एक पियानो आज स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. म्हणून त्यांच्या गाण्याचं हस्तलिखित पाहताना आधी विचारायचं ते हे: अक्षर कोणाचं? ‘व्हाइट ख्रिसमस’ कागदावर उतरवलं ते त्यांचे सहायक हेल्मी क्रेसा यांनी. तारीख आहे ती लिहून घेण्याची. चाल त्याआधी किती दिवस डोक्यात घोळत होती हे कागद सांगणार नाही, आणि म्हणून मी रकान्यात ‘रचली’ न लिहिता ‘लिहून घेतली’ असं लिहिते. शब्द एकच बदलला, पण नोंद खरी झाली.

छापील स्वरलिपीच्या तळाशी हक्काची, म्हणजे कॉपीराइटची ओळ असते. ती नेहमी पाहा. या गाण्याच्या खाली १९४० आणि १९४२ अशी दोन्ही सालं आहेत. दोन सालं एकत्र दिसली की ओळखायचं, गाण्याच्या आयुष्यात मधे काहीतरी घडलंय. इथे मधे एक चित्रपट आला. त्याबद्दल पुढे सांगते.

मग येतात आख्यायिका. कॅलिफोर्नियातलं ला किंटा आणि ॲरिझोनातलं बिल्टमोर, ही दोन्ही हॉटेलं या गाण्याशी नाव जोडून आहेत. गाणं आमच्याकडे सुचलं, असा दोन्हीकडचा दावा. दोन्ही पेन्सिलीने लिहा. खोडू नका. हे गाणं आपलं असावं असं दोन ठिकाणांना वाटतं, हीही एक नोंदच आहे.

एक गोष्ट मात्र शाईची आहे आणि ती लिहिताना माझा हात दर वेळी थबकतो. बर्लिन दांपत्याचा एकुलता एक मुलगा १९२८ साली जन्मला आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी गेला. तीन आठवड्यांचं बाळ. रशियातून लहानपणी न्यू यॉर्कला आलेलं ज्यू कुटुंब, म्हणजे नाताळ हा बर्लिन यांचा धर्माने सण नव्हता. घरातला तो दिवस असा होऊन बसला. या दुःखातूनच गाणं आलं, असं अनेकजण लिहितात. मुलाचा मृत्यू शाईने लिहा, ‘त्यातूनच’ हा शब्द पेन्सिलीने. इतकी काळजी घेतली तर गाण्यावरही अन्याय होत नाही आणि माणसावरही.

अजून एक खूण कागदावर सापडते, ऐकताना सहसा सापडत नाही. गाण्याला सुरुवातीला एक प्रास्ताविक कडवं आहे. त्यात बर्फाचा मागमूस नाही. लॉस एंजेलिसजवळचं बेव्हर्ली हिल्स, लख्ख ऊन, हिरवं गवत, संत्र्याची नि ताडाची झाडं, आणि तारीख २४ डिसेंबर. उन्हात बसलेला माणूस उत्तरेकडच्या थंडीची आठवण काढतो आहे. क्रॉस्बीच्या रेकॉर्डवर हे कडवं नाही, त्यामुळे जगाने गाणं थेट स्वप्नापासून ऐकलं. म्हणून सांगते, रेकॉर्ड ऐकून झाली की छापील प्रत उघडा. वगळलेलं तिथेच भेटतं.

छापील प्रत हातात असताना चालही एकदा सावकाश म्हणून पाहा. पहिल्या वाक्याचे सूर सरगमात मांडले तर ग, म, ग, मग कोमल ग, पुन्हा ग, म, तीव्र म आणि प. एका छोट्या वाक्यात दोन्ही गंधार नि दोन्ही मध्यम. अर्ध्या अर्ध्या पायरीने खाली-वर करत सूर पंचमावर टेकतो. ज्यांना स्वरलिपी लिहिता येत नव्हती त्यांच्या बोटांनी हे शोधलं. मला याचं नवल आजही सरत नाही.

मुद्रणाचा दिवस

ध्वनिमुद्रणाच्या रकान्यात तीन नावं हवीतच: गायक, वाद्यमेळ, साथीचे आवाज. इथे गायक बिंग क्रॉस्बी, वाद्यमेळ जॉन स्कॉट ट्रॉटर यांचा, कोरस केन डार्बी सिंगर्सचा. अठरा मिनिटांत काम आटोपलं, असं या मुद्रणाबद्दल सांगतात. मी ते पेन्सिलीने लिहिलंय, पण मला ते पटतं. क्रॉस्बी हे गाणं रेडिओवर गाऊन मोकळा झाला होता, चित्रपटाचं चित्रीकरण उरकलं होतं, ट्रॉटर त्याच्या रेडिओ कार्यक्रमाचेच संगीत-संचालक. नवखं कोणीच नव्हतं.

या तारखेच्या समासात एक मोठी घटना लिहायची आहे. १ ऑगस्ट १९४२पासून अमेरिकन वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. अध्यक्ष होते जेम्स पेट्रिलो. रेकॉर्ड आणि रेडिओमुळे प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांची पोटं मारली जातात, कंपन्यांनी वादकांच्या निधीत पैसे भरावेत, ही त्यांची मागणी. डेक्काने सप्टेंबर १९४३मध्ये समझोता केला. कोलंबिया आणि व्हिक्टर या दोन मोठ्या कंपन्या नोव्हेंबर १९४४पर्यंत अडून बसल्या. आता आपली तारीख पाहा: २९ मे. बहिष्काराच्या दोन महिने आधी. १९४२च्या शरदात या गाण्याच्या ज्या काही वाद्यमेळासह तबकड्या विकल्या गेल्या, त्या सगळ्या ऑगस्टपूर्वी कोरलेल्या. फ्रँक सिनात्राची कोलंबियासाठीची आवृत्ती नोव्हेंबर १९४४ची आहे, म्हणजे बहिष्कार उठल्या उठल्या. ‘सिनात्राने दोन वर्षं वाट का पाहिली?’ हा प्रश्न मी स्वतः एकदा वहीत लिहून ठेवला होता. उत्तर गाण्यात नव्हतं, संघटनेच्या ठरावात होतं. १९४२ ते १९४४ या काळातल्या कुठल्याही अमेरिकन गाण्याचा माग काढताना ही बंदीची तारीख भिंतीवर चिकटवून ठेवा.

आणखी एक गोष्ट त्या काळच्या तबकड्यांबद्दल. त्या लाखेच्या असत, आणि लाख यायची ती भारतातून. युद्धाने जहाजं अडली तशी अमेरिकेत लाखेची टंचाई झाली, नव्या तबकड्यांसाठी जुन्या परत मागवून वितळवल्या जाऊ लागल्या. त्या काळच्या तबकड्यांचा दर्जा कमी-जास्त लागतो त्याचं एक कारण हे. खरखर ऐकून लगेच ‘खराब प्रत’ असा शेरा मारू नका.

दोन मुद्रणं, एक आवाज

आता या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. इथे थोडी जास्त थांबणार आहे, कारण इथे मी स्वतः चुकले होते.

एका नाताळच्या संगीत-बैठकीसाठी मी टिपण केलं होतं. त्यात ठामपणे लिहिलं: “आता ऐका १९४२चं मूळ मुद्रण.” गाणं लागलं, लोक शांतपणे ऐकत होते. बैठक संपल्यावर एक वयस्कर गृहस्थ जवळ आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “ताई, राग मानू नका, पण सुरुवातीला बासऱ्या कशा आल्या?” मला प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, “घरी जाऊन दोन्ही एकापाठोपाठ ऐका. मग आपण बोलू.” त्या रात्री हेडफोन लावून मी पहाटेपर्यंत ऐकत बसले. काका बरोबर होते. मी वाजवलं ते १९४७चं होतं. वडाची साल पिंपळाला लावली होती, तीही तारखेसकट.

घडलं होतं ते असं. त्या काळी मुद्रण फितीवर होत नसे. गाताना एका मऊ तबकडीवर सरळ खाच कोरली जायची. तिच्यावर धातूचा मुलामा देऊन उलटा ठसा काढायचा, तो मास्टर. मास्टरवरून पुन्हा सुलटी धातूची तबकडी, तिला मदर म्हणत. मदरवरून स्टँपर, आणि स्टँपरने लाखेच्या तबकड्या छापायच्या. स्टँपर झिजला की मदरवरून दुसरा, मदर झिजली की मास्टरवरून दुसरी. हे गाणं वर्षामागून वर्षं इतकं विकलं गेलं की १९४२चा मास्टरच झिजून गेला. मग मार्च १९४७मध्ये क्रॉस्बीला पुन्हा बोलावलं. तोच ट्रॉटरचा वाद्यमेळ, तेच डार्बी सिंगर्स, आणि शक्य तितकं जुन्यासारखंच व्हावं असा प्रयत्न. इतका सफल प्रयत्न, की पुढे अनेक दशकं रेडिओवर, एलपीवर, सीडीवर ऐकू आलं ते बहुतेक ठिकाणी हेच दुसरं मुद्रण. तुमच्या-माझ्या कानात बसलेलं ‘मूळ’ गाणं पाच वर्षांनी धाकटं आहे.

ओळखायचं कसं? पहिल्या काही सेकंदांतच. १९४७च्या सुरुवातीला बासऱ्या आणि सेलेस्टा आहेत. सेलेस्टा म्हणजे पट्ट्यांचं, बारीक घंटांसारखं किणकिणणारं वाद्य. १९४२च्या सुरुवातीला ही चमक नाही. आवाजातही फरक आहे, माझ्या कानाला १९४७चा क्रॉस्बी जरा जाड आणि जास्त सैलावलेला वाटतो. पण आवाजावरून निर्णय देऊ नका, वाद्यांवरून द्या. आवाजाबद्दल दोन माणसांचं मत सहज वेगळं होतं. बासरी आहे की नाही, यावर होत नाही.

तबकडीचा क्रमांकही पाहा, पण त्यावर विसंबू नका. पहिली सुटी तबकडी डेक्का १८४२९, मागच्या बाजूला ‘लेट्स स्टार्ट द न्यू इयर राइट’. ही १९४२चीच. १९४६ साली तेच मुद्रण डेक्का २३७७८ या क्रमांकाने पुन्हा आलं, मागे ‘गॉड रेस्ट ये मेरी जंटलमेन’. आणि मग १९४७चं नवं मुद्रण आलं तेही याच २३७७८ क्रमांकाखाली. म्हणजे कॅटलॉगचा क्रमांक एक, आत दोनपैकी कुठलंही मुद्रण असू शकतं. अशा वेळी लेबलावर बारीक टायपात छापलेला आणि लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला दुसरा क्रमांक शोधायचा, त्याला मॅट्रिक्स नंबर म्हणतात. कॅटलॉग नंबर विकणाऱ्यासाठी असतो, मॅट्रिक्स नंबर त्या विशिष्ट मुद्रणाचा असतो. तबकडी दिव्याखाली तिरपी धरली की तो दिसतो. तो जुळवून पाहायला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेने चालवलेली जुन्या अमेरिकन ध्वनिमुद्रणांची सूची आहे, नाव डिस्कोग्राफी ऑफ अमेरिकन हिस्टॉरिकल रेकॉर्डिंग्ज. ती इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहे. गायकाच्या नावाने, गाण्याच्या नावाने, तारखेनेही शोधता येतं. मी दर आठवड्याला ती उघडते.

स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तर तिथे लिहिलेलं साल बहुतेक वेळा अल्बमचं असतं, कधी पुनःप्रकाशनाचं. त्याला पुरावा समजू नका. कान लावा, बासऱ्या ऐका, मग लिहा.

जाता जाता एक सांगायला हवं. मास्टर झिजल्यामुळे गाणं पुन्हा गावं लागलं त्याच वर्षी, ऑक्टोबर १९४७पासून, क्रॉस्बीचा रेडिओ कार्यक्रम चुंबकीय फितीवर मुद्रित होऊन प्रसारित होऊ लागला. अमेरिकेत फितीचा वापर रुजवण्यात त्याचा मोठा वाटा. तेच तंत्र पाच वर्षं आधी हाती असतं तर १९४७च्या मुद्रणाची गरज पडली नसती.

पडद्यावरचं वेगळं

‘हॉलिडे इन’ हा पॅरामाउंटचा चित्रपट ऑगस्ट १९४२मध्ये प्रदर्शित झाला. क्रॉस्बी आणि फ्रेड अस्टेअर मुख्य भूमिकांत, गाणी बर्लिन यांची. फक्त सणासुदीला उघडणारी एक खानावळ, अशी कल्पना. गाणं त्यासाठीच बांधलं असं समजलं जातं, पण तुमच्या पहिल्या रकान्यात ८ जानेवारी १९४० आहे, हे विसरू नका. हक्काच्या ओळीतली दोन सालं इथे उलगडतात.

चित्रपटातलं गाणं म्हणजे डेक्काची रेकॉर्ड नव्हे. पडद्यावर ते दोघांचं आहे. क्रॉस्बीबरोबर मार्जोरी रेनॉल्ड्स दिसते, आणि ऐकू येतो तो मार्था मीअर्सचा आवाज. क्रॉस्बी झाडावरच्या घंटांवर आपल्या पाइपने ठोके देतो. यातलं काही रेकॉर्डवर नाही. चित्रपटाच्या ध्वनिपट्टीची नोंद नेहमी वेगळ्या ओळीत करा. १९५४च्या ‘व्हाइट ख्रिसमस’ चित्रपटाच्या बाबतीत तर हे फारच लागतं. पडद्यावर रोझमेरी क्लूनी आहे, डेक्काच्या अल्बमवर तिच्या जागी पेगी ली, कारण क्लूनीचा करार कोलंबियाशी होता. अल्बम हातात घेऊन चित्रपटाची श्रेयनामावली लिहायला बसलात तर नाव चुकणारच.

गाण्याला सर्वोत्कृष्ट मूळ गीताचं ऑस्कर मिळालं, समारंभ ४ मार्च १९४३चा. त्या वर्षी हा पुरस्कार जाहीर करायला खुद्द बर्लिनच उभे होते. पाकीट उघडून स्वतःचंच नाव वाचावं लागलं. पुरस्काराचं वर्ष लिहिताना ‘१९४२साठी, १९४३मध्ये’ असं पूर्ण लिहा.

आकडे

आकड्यांपुढे कोणी मोजले ते लिहा, नाहीतर लिहूच नका. ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत-साप्ताहिकाच्या यादीत क्रॉस्बीची रेकॉर्ड १९४२च्या ऑक्टोबरअखेरीस पहिल्या क्रमांकावर गेली आणि अकरा आठवडे तिथे राहिली. १९४५ आणि १९४६च्या मोसमांत ती पुन्हा पहिल्या क्रमांकावर आली. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या आवडीनिवडीची ‘हार्लेम हिट परेड’ ही यादी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती, तिच्यातही ही रेकॉर्ड पहिली आली. हे छापील यादीत पाहता येतं, म्हणून शाईने. एकूण खप पाच कोटी प्रतींचा, हा गिनेसने दिलेला अंदाज आहे आणि त्या जोरावर ते याला जगातलं सर्वाधिक खपाचं सिंगल मानतात. ‘अंदाज’ हा शब्द गाळू नका.

नंतरचे गायक

आवृत्त्या शेकड्यांनी आहेत. सगळ्यांची यादी करत बसू नका, मी दोन वर्षं तेच केलं आणि त्या वहीचा पुढे काही उपयोग झाला नाही. कोणी कोणाकडून काय घेतलं तेवढं शोधा. १९५४ साली ‘द ड्रिफ्टर्स’ या गायकवृंदाने हे गाणं अटलांटिक कंपनीसाठी गायलं. बिल पिंकनीचा खर्जातला आवाज आणि त्यावर क्लाइड मॅकफॅटरचा उंच, थरथरता सूर. १९५७ साली एल्विस प्रेस्लीने गायलं ते या ड्रिफ्टर्सच्या बांधणीवर. दोन्ही लागोपाठ ऐका, नातं लगेच कळतं. बर्लिन एल्विसच्या आवृत्तीवर इतके भडकले की रेडिओ केंद्रांनी ती वाजवू नये म्हणून त्यांनी प्रयत्न केले. मला दोन्ही बाजू समजतात. आपलं गाणं दुसऱ्याच्या गळ्यात बदलताना पाहणं सोपं नसतं. पण ड्रिफ्टर्सचं मुद्रण मी वर्षभर ऐकते, डिसेंबरची वाट न बघता.

गाळलेलं प्रास्ताविक कडवं ऐकायचं असेल तर १९६३चं डार्लीन लव्हचं मुद्रण काढा. तिथे ते गाण्याच्या मध्यात येतं, बोलल्यासारखं. ऊन, झाडं, बेव्हर्ली हिल्स, सगळं.

रेकॉर्डबाहेरची एक नोंदही पानावर हवी. २९ एप्रिल १९७५, सायगाव, व्हिएतनाम युद्धाची अखेर. अमेरिकन लोकांना शहर सोडण्याचा इशारा म्हणून सैनिकी रेडिओवरून सायगावचं तापमान १०५ अंश (फॅरनहाइट) असून ते वाढतंय, अशी घोषणा आणि पाठोपाठ ‘व्हाइट ख्रिसमस’, असं ठरलं होतं. ऐन उन्हाळ्यात हे गाणं दुसऱ्या कशावरून लागलंय अशी शंका येणार नाही, म्हणून ते निवडलं.

लिहून प्रसिद्ध करणार असाल तर

गाण्याचे शब्द उतरवू नका, आशय सांगा. रचनेचा हक्क वेगळा आणि मुद्रणाचा वेगळा, आणि दोन्ही जिवंत आहेत. अमेरिकेच्या २०१८च्या कायद्यानुसार १९४२चं मुद्रण २०४२ संपेपर्यंत संरक्षित आहे, १९४७चं २०५७ संपेपर्यंत. कायद्यालाही ही दोन वेगळी मुद्रणं आहेत. १९४२चं मुद्रण २००२ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत गेलं, अगदी पहिल्या पन्नासांत. बर्लिन यांची कागदपत्रंही त्याच ग्रंथालयाकडे आहेत.

माझ्या पानावर तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यांपुढे ‘का’ लवकर पडला. दुसरा रकाना फार दिवस नुसत्या शाईचा होता, १९४१च्या त्या गुरुवारी रेडिओवर गायलेलं पहिलं गाणं. त्याची प्रत क्रॉस्बीच्या वारसांनी जपून ठेवली आहे. सीबीएस या अमेरिकन टीव्ही वाहिनीच्या रविवार सकाळच्या कार्यक्रमासाठी त्यांनी ती २५ डिसेंबर २०११ला दिली, बरोबर सत्तर वर्षांनी. तुमच्या गाण्याच्या शोधातही असा एखादा रकाना रिकामा राहील. त्याच्यापुढे प्रत कोणाकडे आहे ते लिहून ठेवा आणि दर वर्षी एकदा चौकशी करा.